दोन रंगांच्या मधले आठ सेकंद

२०१७ च्या फेब्रुवारीत मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो आणि कॉलेज फेस्टचा ‘टी-शर्ट इन-चार्ज’ होतो. हे पद कुणालाच नको असतं, म्हणून ते मला मिळालं होतं.

तीनशे टी-शर्ट हवे होते. लाल कापड, छातीवर मोठी पांढरी अक्षरं, खाली काळ्या रंगात प्रायोजकांची नावं. सुती टी-शर्ट महाग पडत होते, म्हणून आम्ही पॉलिएस्टरचे आणले. नगामागे पस्तीस रुपये वाचले. तीनशेचे साडेदहा हजार. मी स्वतःवर भलताच खूश होतो.

छपाई पुण्यातल्या एका पेठेत, जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर चालायची. तिथल्या काकांनी टी-शर्ट दोन बोटांत चोळून पाहिला आणि म्हणाले, “हे कापड गरमी सहन करत नाही. लाल तर नाहीच नाही. वेगळी शाई मागवतो. दोन दिवस दे.”

आमच्याकडे दोन दिवस नव्हते. रात्री आम्ही चौघं तिथेच बसलो. काका पांढऱ्याचा एक हात मारायचे, मग वरून एक लालभडक तापलेलं पत्र्याचं खोकं त्या टी-शर्टवर सरकवायचे, काही सेकंद थांबायचे, खोकं बाजूला करायचे, पांढऱ्याचा दुसरा हात, पुन्हा खोकं, मग काळा. मी मोबाइलवर वेळ लावली. आठ सेकंद. एका टी-शर्टला दोनदा, म्हणजे सोळा. तीनशे टी-शर्टना चार हजार आठशे सेकंद. ऐंशी मिनिटं नुसती थांबण्यात!

“काका, हे मधलं थांबणं टाळता नाही का येणार?”

“टाळलं तर दुसरा पांढरा पहिल्याला घेऊन स्क्रीनला चिकटेल,” ते म्हणाले आणि आठ सेकंद थांबले.

पहाटे तीनच्या सुमाराला शेवटचा टी-शर्ट क्युरिंग मशीनच्या पट्ट्यावरून बाहेर पडला. काका म्हणाले, “पसरून ठेवा, गार होऊ देत. सकाळी न्या.” आम्ही ऐकलं नाही. गरमागरम टी-शर्टची थप्पी लावली, खोकी भरली, चिकटपट्टी मारली आणि रिक्षा बोलावली.

तिसऱ्या दिवशी खोकी उघडली तेव्हा सगळी पांढरी अक्षरं गुलाबी झाली होती. फिक्कट, लहान बाळाच्या दुपट्यासारखी गुलाबी. त्या वर्षी कॉलेजात माझं जे नाव पडलं ते इथे लिहीत नाही. छपाईचे बारा हजार ठरले होते, आठ आगाऊ दिले होते. उरलेले चार हजार आम्ही दिले नाहीत. काकांनी फोनवर समजावायचा प्रयत्न केला. मी त्यांना ऐकवलं की तुम्हाला काम येत नाही.

गेल्या दिवाळीत घर आवरताना त्यातला एक टी-शर्ट सापडला. आईनं त्याचं फडकं केलं होतं आणि त्याबद्दल तिची तक्रारही होती, “पाणी शोषत नाही मेलं.” कापड विटलं होतं, पण अक्षरं शाबूत होती. आणि अजून गुलाबी. पांढऱ्याचं गुलाबी होतं तरी कसं, एवढंच मला बघायचं होतं. ते शोधता शोधता मी एका फार जुन्या प्रश्नापाशी पोचलो. पहिला रंग ओला असताना दुसरा कसा लावायचा?

*

घर रंगवणारा कुणीही सांगेल की पहिला हात वाळू दे, मग दुसरा. प्रश्न असा असतो की वाळेपर्यंत करायचं काय आणि त्या वेळेचे पैसे कुणी द्यायचे.

आपल्याकडच्या ठशांच्या छपाईत याचं उत्तर ऊन होतं. राजस्थानात सांगानेर-बगरूकडे एकाच नक्षीसाठी वेगवेगळे लाकडी ठसे असतात, बाह्यरेषेचा वेगळा, भरणीचा वेगळा, पार्श्वभूमीचा वेगळा. एकाचं काम झालं की कापड वाळतं, मग पुढचा टप्पा. पाऊस आला की काम मंदावतं. तिथे वेळेचा हिशेब आकाशाकडे असतो.

१७८३ मध्ये स्कॉटलंडच्या थॉमस बेलनं कोरलेल्या तांब्याच्या रुळांनी कापड छापण्याचं पेटंट घेतलं. पुढे याच पद्धतीनं गिरण्यांमधून मैलोन्‌मैल छीट निघू लागली. रूळ एकामागोमाग एक. एकाचा रंग ओला असतानाच दुसरा आपला रंग लावतो आणि वाळवण सगळ्यात शेवटी. थांबणंच नको, म्हणून ओल्यावर ओलं. यात रंग एकमेकांना फार भिडू नयेत अशी काळजी नक्षीतच घ्यावी लागते.

मग आली स्क्रीन. १९०७ मध्ये मँचेस्टरच्या सॅम्युअल सायमननं ताणलेल्या रेशमी जाळीतून छपाई करण्याचं पेटंट घेतलं. चौकटीवर जाळी, जिथे रंग नको तिथली भोकं बुजवलेली, वरून शाई ओढायची. कल्पनेची मुळं जपानच्या कातागामी साच्यांपर्यंत जातात. त्या कागदी साच्यांचे नाजूक तुकडे जागेवर राहावेत म्हणून त्यात रेशमाचे धागे घालत.

स्क्रीननं कापड छापणाऱ्या कारागिरांनी थांबण्यावर जो तोडगा काढला तो वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. लांबच लांब टेबल. त्यावर कापड ताणून चिकटवलेलं. कारागीर पहिला चौकोन छापतो, दुसरा सोडतो, तिसरा छापतो, चौथा सोडतो. असं टेबलाच्या टोकापर्यंत. मग परत सुरुवातीला येऊन सोडलेले चौकोन भरतो. तोवर शेजारचे वाळलेले असतात, चौकट त्यांच्यावर टेकली तरी डाग पडत नाही. दुसरा रंग पुन्हा असाच. आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला ‘इंटरलीव्हिंग’ म्हणतो आणि मुलाखतीत विचारतो, ते हे लोक पायांनी करत होते. थांबायला लागणारा वेळ त्यांनी टेबलाच्या लांबीत बदलला होता. फुकट मात्र काहीच नव्हतं. दिवसभर चौकट उचलून चालायचं कारागिरालाच.

*

आता टी-शर्ट. हा मुळात आत घालायचा कपडा. त्याच्या छातीवर काही लिहावं, ही कल्पना दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराला अमेरिकेत रुळू लागली. १३ जुलै १९४२ च्या ‘लाइफ’ मासिकाच्या मुखपृष्ठावर हवाई दलाच्या तोफखाना शाळेचं नाव छापलेला टी-शर्ट घातलेला जवान आहे. १९४८ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत थॉमस ड्यूईच्या प्रचाराचे टी-शर्ट निघाले. ड्यूई हरला, पण त्याचा एक टी-शर्ट स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

टी-शर्ट मात्र ताग्यासारखा सलग नसतो. शिवलेला सुटा नग. रुळांवर तो चालणार नाही, लांब टेबलावर एकेक लावत बसावं लागेल. १९६७ मध्ये मायकेल व्हॅसिलँटोन या अमेरिकन माणसानं एका यंत्राच्या पेटंटसाठी अर्ज केला. ते १९६९ मध्ये मंजूर झालं. मधे खांब आणि त्याभोवती फिरणाऱ्या चौकटी, जत्रेतल्या चक्रासारख्या. टी-शर्ट फळीवर एकदाच घालायचा आणि एकेका रंगाची स्क्रीन फिरवून त्याच्यावर आणायची. सुरुवातीला हे यंत्र बोलिंग खेळणाऱ्या संघांच्या कपड्यांवर नावं छापायला होतं. आज गल्लीतल्या छापखान्यातलं चार-सहा हातांचं मशीन त्याच घराण्यातलं.

चक्रामुळे चालणं संपलं. पण टेबलाची लांबी गेली, तशी तिच्यात दडलेली वाळण्याची वेळही गेली. दुसरी स्क्रीन आता काही सेकंदांतच डोक्यावर येऊन उभी राहते.

त्यातच शाई बदलली. पाण्यातली शाई जाळीतच वाळायची आणि भोकं बुजायची. मधे चहाला गेलात तर परत येऊन स्क्रीन धुवा. यावरचा उपाय प्लास्टिकमध्ये सापडला. १९२६ मध्ये बी. एफ. गुडरिच कंपनीतला वाल्डो सीमन रबर धातूला चिकटवण्यासाठी काही शोधत होता. त्या खटाटोपात त्याला कडक, निरुपयोगी समजलं जाणारं पीव्हीसी मऊ करण्याची युक्ती मिळाली. त्याच पीव्हीसीचे बारीक कण तेलासारख्या द्रवात कालवले की होतं प्लास्टिसॉल. टी-शर्टवरची ती किंचित जाड, रबरासारखी लागणारी छपाई बहुतेक वेळा याचीच असते.

प्लास्टिसॉलचा मोठा गुण म्हणजे ते वाळतच नाही. रात्रभर स्क्रीनवर ठेवा, सकाळी तसंच. आणि तोच त्याचा दोष, कारण टी-शर्टवरही ते वाळत नाही. पंखा लावा, उन्हात ठेवा, आठवड्यानंही बोटाला लागेल. त्याला वारा नको, उष्णता हवी.

साबुदाणा आठवा. भिजवला की दाणा पाणी पिऊन फुगतो, ओघळत नाही, पण वेगवेगळा असतो. कढईत वाफ बसली की पारदर्शक होऊन एकमेकांना धरतो. प्लास्टिसॉलही साधारण तसंच. शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास कण भोवतालचा द्रव पितात, फुगतात आणि शाईचा थर हाताला लागेनासा होतो. साधारण एकशे साठ अंशांना ते वितळून एकजीव होतात. मग टी-शर्ट धुतला तरी छपाई सुटत नाही. दोन रंगांच्या मधे हवी ती फक्त पहिली पायरी. भिजलेला साबुदाणा, खिचडी नाही. या पहिल्या पायरीलाच म्हणतात फ्लॅश क्युअरिंग.

*

पांढऱ्या टी-शर्टवर फ्लॅशची गरज फारशी पडत नाही. रुळांची जुनी युक्ती चालते, ओल्यावर ओलं. खरी अडचण काळ्या टी-शर्टची.

एफ. सी. रोडवर फिरलेल्या प्रत्येकानं तो काळा टी-शर्ट पाहिला आहे. मधे त्रिकोणी लोलक, एका बाजूनं पांढरा किरण आत जातो, दुसऱ्या बाजूनं सप्तरंग बाहेर. खरं तर सहाच रंग, पारवा त्यात नाही. पिंक फ्लॉइडच्या १९७३ च्या अल्बमचं ते मुखपृष्ठ. आता हे रंग थेट काळ्या कापडावर छापून बघा. पिवळा शेवाळी दिसेल, लाल विटकरी. कापडाचा काळा रंग खालून वर डोकावतो. म्हणून आधी प्रत्येक रंगाच्या खाली टायटेनियम डायऑक्साइडचा घट्ट पांढरा थर द्यायचा. तो अंगाला पुरता भिनत नाही तोवर वर पिवळा टाकला तर दोन्ही कालवून जातील. म्हणजे काळ्यावर उजळ रंग हवे असतील तर पांढरा आधी घट्ट व्हायला हवा आणि तोही काही सेकंदांत, टी-शर्ट फळीवरून न काढता. टी-शर्ट एकदा काढला की तो परत केसभरही न हलता बसवणं जवळपास अशक्य.

ते तापलेलं खोकं इथे येतं. त्यातून निघणारी उष्णता मुख्यतः इन्फ्रारेड किरणांची. १८०० मध्ये इंग्लंडमध्ये विल्यम हर्शेलनं लोलकातून सूर्यप्रकाश फोडला आणि प्रत्येक रंगात तापमापक धरला. सहज म्हणून एक तापमापक लाल पट्ट्याच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं तिथे ठेवला. पारा तिथे सर्वांत जास्त चढला. न दिसणारे, तापवणारे किरण लाल रंगाच्या शेजारीच होते. हर्शेल खगोलशास्त्रज्ञ होण्याआधी वादक आणि संगीतकार होता. बँडच्या टी-शर्टवर लोलक असतो आणि तो टी-शर्ट छापता येतो तो लोलकापलीकडच्या त्या न दिसणाऱ्या पट्ट्यामुळे, हे कळल्यावर मी एक मित्र शोधून त्याला फोन करून सांगितलं. त्याला फारसं काही वाटलं नाही.

१९३० च्या दशकात अमेरिकेतल्या मोटार कारखान्यांनी गाड्यांचा रंग वाळवायला इन्फ्रारेड दिवे वापरले. टी-शर्टवरचं खोकं त्याचंच धाकटं भावंडं. साधारण एक-दीड फुटाचा चौकोन, कापडापासून दोन-चार इंचांवर.

ऐकायला सोपं, पण बिघडण्याच्या वाटा दोन्ही बाजूंना आहेत. कमी तापवलं तर थर ओला राहतो आणि पुढच्या स्क्रीनच्या पाठीला चिकटून उठतो. जास्त तापवलं तर पहिला थर पूर्ण पक्का होतो आणि वरच्या रंगाला धरायला काही उरत नाही. दुकानातून निघताना असा टी-शर्ट सुरेख दिसतो, चार धुण्यांत वरचा रंग पापुद्रा होऊन निघतो. फ्लॅशचं कौशल्य म्हणजे अर्धं कच्चं ठेवता येणं. आपल्याकडे ‘अर्धवट’ हा शब्द टोमणा म्हणूनच वापरतात. इथे तो कामाचा नियम आहे.

आणि ही सगळी उष्णता कुणाच्या तरी अंगावर येते. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली दोन-तीन हजार वॅटचं खोकं हातभर अंतरावर. दहीहंडीच्या आधीच्या रात्री मुंबई-ठाण्यात पथकांचे, पुढाऱ्यांचे फोटोवाले टी-शर्ट निघतात ते अशाच शेडांमधून. महाराष्ट्रात भारनियमन जोरात होतं त्या वर्षांबद्दल काका सांगत, वीज गेली की फ्लॅश बंद, मग पुन्हा लांब टेबल, पुन्हा पाण्याची शाई, पुन्हा चालणं. टेबलाच्या लांबीचं काम वीज करत होती, ती गेली की ते परत पायांवर यायचं.

*

आता माझ्या गुलाबी अक्षरांकडे येतो.

१९४१ मध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोन इंग्रज रसायनज्ञांनी एका नव्या धाग्याचं पेटंट घेतलं. आपण त्याला पुढे टेरिलीन म्हणून ओळखलं. पॉलिएस्टर. ते दोघं कॅलिको प्रिंटर्स असोसिएशनमध्ये नोकरीला होते. कापड छापणाऱ्यांच्याच कंपनीत! आणि छापणाऱ्यांना पुढे सर्वांत जास्त छळलं ते याच कापडानं.

पॉलिएस्टर पाण्याला जवळ करत नाही, हे माझ्या आईनं सांगितलंच आहे. त्यामुळे सुताचे रंग त्यावर चढत नाहीत. त्याला वेगळे, डिस्पर्स जातीचे रंग लागतात. हे रंग तापले की द्रव न होता थेट वायू होतात, कापरासारखे. कापडातून निघतात आणि वरच्या शाईत शिरतात. प्लास्टिसॉलमधला तेलकट द्रव त्यांना सुखानं सामावून घेतो. लाल कापड, पांढरी शाई. हे त्या रात्री दिसत नाही. तासांनी, कधी दिवसांनी दिसतं. टी-शर्ट जितका वेळ गरम राहील तितकं हे जास्त. आणि टी-शर्ट सर्वांत जास्त वेळ गरम कसे राहतात? न पसरता थप्पी लावली, खोक्यात कोंबले आणि वरून चिकटपट्टी मारली की.

म्हणजे जी ऐंशी मिनिटं मला डोळ्यांनी दिसत होती ती काकांनी सोडली नाहीत. जे थांबणं दिसत नव्हतं, कापड गार होण्याचं, ते मी कापलं. कापड मी आणलं, घाई मी केली, थप्पी मी लावली. पैसे त्यांचे बुडाले.

यंदा जानेवारीत मी त्या वाड्यात गेलो. दारातच नवं मशीन होतं. डीटीएफ. संगणकावरून सगळे रंग एका फिल्मवर छापतात, वर पांढरा, त्यावर चिकट पावडर वितळवतात आणि फिल्म टी-शर्टवर दाबतात. कुठलंही कापड, कितीही रंग. रंगांच्या मधे फ्लॅश नाही. जुनं चक्र मागे होतं, फ्लॅशच्या खोक्यावर गोणपाट.

“काका, ओळखलंत का?”

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “गुलाबीवाला ना तू?”

मी पाकीट पुढे केलं. चार हजार. त्यांनी नको वगैरे म्हटलं नाही. नोटा मोजल्या, गल्ल्यात टाकल्या आणि म्हणाले, “त्या वर्षी शाईवाल्याचे मी खिशातून दिले.” मला वाटलं होतं की मी काहीतरी बोलेन. बोलता आलं नाही. मग मीच विचारलं, आता फ्लॅश बंद का? ते म्हणाले, पाच-पंचवीस नग असले तर नवं मशीन, पाचशे असले तर अजून स्क्रीनच परवडते. त्या दिवशी पाचशेची ऑर्डर होती. काळे टी-शर्ट, सुती.

त्यांनी गोणपाट काढलं, खोकं तापवलं, पांढऱ्याचा हात मारला. मी सवयीनं मोजू लागलो. आठ झाले, खोकं हललं नाही. अकराला हललं.

“आठ सेकंद ना?” मी म्हणालो.

“फळी गार आहे अजून,” ते म्हणाले. “वीस-पंचवीस नग झाले की फळीच तापते, मग पाचच पुरतात. आकडा कुठे लिहिलेला नसतो.” आणि पांढऱ्यावर बोट टेकवून मला दाखवलं. बोट कोरडं होतं. मग माझं बोट धरून टेकवलं. किंचित चिकटल्यासारखं झालं आणि सुटलं.

“एवढंच,” ते म्हणाले आणि पिवळ्याची स्क्रीन खाली घेतली.